अर्धा इग्लू

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. कोल्हापुरातल्या पोरांना हे दोन आकडे पाढ्यांबरोबरच पाठ होतात. त्या रविवारी पाणी एकोणचाळिसाच्या अलीकडं रेंगाळत होतं, पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता, आणि आम्ही तिघं शिवाजी पेठेत मामांच्या माजघरात, भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या चादरीवर बर्फ बघत बसलो होतो.

चादर मामींची, प्रोजेक्टर धाकटीचा. धाकटी म्हणजे माझी बहीण. वर्षातले चार महिने ती ट्रेकवाल्यांना घेऊन लडाख-स्पितीत असते, बाकीचे आठ महिने लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करते आणि दोन्ही धंद्यांतून जे शिल्लक पडतं त्याच्या हार्ड डिस्क घेते. मामा सिनेमाचे बॅनर रंगवायचे. फ्लेक्स आला त्या वर्षी ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे करून ठेवले, ते अजून तसेच आहेत. थिएटरवरनं जाताना मामा आजही फ्लेक्सकडं बघत नाहीत. सुतक असल्यासारखी मान खाली घालून पुढं जातात.

कार्यक्रम धाकटीनं ठरवलेला. आधी रॉबर्ट फ्लॅहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ', १९२२ चा, मुका. मग मामींची कांदाभजी. मग झकारियास कुनुकचा 'अतानार्जुआत', २००१ चा, जवळजवळ तीन तासांचा. दोन्ही कॅनडाच्या पार वरच्या अंगाचे, जिथं झाड म्हणून दिसत नाही. एक बाहेरून गेलेल्या माणसानं काढलेला, एक तिथल्याच माणसानं. भांडण लागणार हे तिला ठाऊक होतं. मला तर वाटतं, त्यासाठीच तिनं ही जोडी लावली होती.

ठिणगी इग्लूवर पडली. नानूक सुळ्याच्या सुरीनं बर्फाच्या विटा कापतो, गोल रचत नेतो, वरचा घुमट मिटवतो. मग स्वच्छ बर्फाची एक लादी कापून खिडकीच्या काचेसारखी भिंतीत बसवतो आणि तिच्या शेजारी बर्फाचीच एक वीट उभी करतो, बाहेरचा उजेड तिच्यावर आपटून आत पडावा म्हणून. इतका वेळ पाय पसरून बसलेले मामा मांडी घालून बसले.

"रिफ्लेक्टर लावला की गा त्यानं! गवंडी न्हवं ह्यो, क्यामेरामन हाय."

"मामा, आत झोपलेले दाखवलेत ना, तो इग्लू अर्धा आहे," धाकटी म्हणाली.

"अर्धा म्हंजे?"

"खऱ्यात कॅमेरा मावेना. मोठा बांधायला गेले तर घुमट कोसळायचा. उभा राहिला तर आत उजेड पुरेना. शेवटी एक बाजू कापूनच टाकली. ती बाई, ती पोरं, सगळी उघड्या वाऱ्यात कपडे काढून झोपेचं सोंग करालेत."

मला वाटलं मामा हिरमुसतील. मामा खूश झाले.

"मग बरोबरच केलं की! अगं, बाबूराव पेंटरांच्या वेळेला राजवाड्याला छप्पर असायचं काय? सगळा धंदा सूर्यावर. वर पांढरं कापड ताणायचं आणि ढग आला की भीम न् कीचक शेजारी शेजारी बसून वाट बघायचे. १९२३ ला 'सिंहगड' काढला तवा कुठं दिव्याच्या उजेडात शूटिंग झालं. बिनछपराचा राजवाडा चालतो, मग अर्धा इग्लू का चालत न्हाई?"

"राजवाडा आणि राहतं घर यात फरक आहे. बाबूरावांची 'सैरंध्री' बघायला आलेल्याला ठाऊक असतं, कीचक खरा मरत नाही."

"तितंच चुकलीस. ती मारामारी इतकी खरी वाटली की सरकारनं ती कापायला लावली!"

"पण बाबूराव 'हा खरा कीचक' म्हणून सांगत नव्हते. फ्लॅहर्टी सांगत होता." धाकटीनं प्रोजेक्टर थांबवला. चादरीवर नानूकचं हसरं तोंड तसंच राहिलं. "त्याचं नावच नानूक नव्हतं. अल्लाकारियालाक. बायको म्हणून दाखवलीय ती त्याची बायको नव्हे. त्या लोकांच्यात बंदुका कधीच आल्या होत्या, पण ह्याला भाले पाहिजे होते. ग्रामोफोनची तबकडी चावून बघतो, त्याला ग्रामोफोन चांगला माहीत होता. आणि ती सीलची ओढाताण बघून तुम्ही टाळ्या वाजवला, तिथं दोरीच्या दुसऱ्या टोकाला सील नाही. कॅमेऱ्याच्या बाहेर उभी माणसं ओढालेत."

"रस्सीखेच!" मामांना हसू आवरेना.

"हसू नका. वॉलरसच्या वेळेला ते लोक खरोखर ओढले चालले होते. गोळी घाल म्हणून ओरडालेत. बंदूक फ्लॅहर्टीजवळ. आणि हा ऐकू न आल्यासारखं करून हँडल फिरवत राहिला."

इथं मला राहवलं नाही. फ्लॅहर्टीनं शिकारीआधी त्या माणसाला विचारून ठेवलं होतं: फिल्मच्या आड येत असेल तर शिकार सोडावी लागेल, चालेल? तो हो म्हणाला होता. फिल्मला ते 'अगी' म्हणायचे, आणि अगी आधी, असं ठरलं होतं. मी एवढं सांगितलं.

"दादा, पगार देणाऱ्यानं विचारलं की कोण नाही म्हणतं?"

मी गप्प बसलो. पुढं बराच वेळ गप्पच होतो.

मामांनी मात्र त्या अगीचा धागा धरला. फिल्म धुतली कुणी, त्यांना तेवढंच हवं होतं. धाकटीला ते पाठ होतं. फ्लॅहर्टी १९२० च्या उन्हाळ्यात हडसन उपसागराच्या काठी पोचला आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत राहिला. दोन कॅमेरे आणि डेव्हलपिंग-प्रिंटिंगचा सगळा संसार बरोबर. विजेच्या दिव्याचा उजेड कमीजास्त व्हायचा, म्हणून भिंतीला फ्रेमएवढं भोक ठेवून दिवसाच्या उजेडावर प्रिंट काढली. फिल्म धुवायला पाणी पाहिजे, तर नदीवरचा सहा फूट बर्फ फोडून ते काढायचं, पिंपांत भरून कुत्र्यांच्या गाडीवर आणायचं, आणि आणणाऱ्यांच्या अंगावरच्या कातडी कपड्यांचे केस त्यात पडलेले असायचे ते वेचत बसायचं. हे सगळं त्या गावच्या माणसांनी केलं. जे पडद्यावर दिसतात तेच पडद्यामागं राबत होते.

"म्हंजे निम्मा सिनेमा त्यांचाच की," मामा म्हणाले.

"हो. मग नाव कुणाचं आलं?"

मामा उत्तर द्यायला तोंड उघडून थांबले. मग भिंतीकडं बघत म्हणाले, "आमच्यात पण बॅनरच्या कोपऱ्यात सही उस्तादाचीच असायची. डोळे मी काढायचो. चाळीस फुटी बॅनरला एक डोळा आडवा साडेतीन-चार फूट यायचा. शिडीवर उभा राहून काढायचा, म्हंजे काय काढालोय ते काढणाऱ्याला दिसतच न्हाई. खाली उतरायचं, रस्त्याच्या पल्याड जायचं, बघायचं, परत चढायचं. हिरॉईनीचा एक डोळा म्हंजे तीस खेपा. सही त्यांची. मला कधी वाईट वाटलं न्हाई."

"खरंच?"

मामांनी भजी कुठवर आलीत म्हणून आत हाक मारली.

*

भज्यांवर विषय पैशावर गेला. 'नानूक'चा खर्च रेव्हियॉं फ्रेर या फ्रेंच कंपनीनं केला होता, फरच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या. सिनेमात नानूक पांढऱ्या कोल्ह्यांची कातडी दुकानात घेऊन येतो तो प्रसंग उगाच नाही. धाकटीचं म्हणणं, ही कसली स्वतंत्र फिल्म, ही तर पाऊण तासाची जाहिरात.

"सव्वा तासाची," मी दुरुस्त केलं.

"पैसे कुणाचे तरी असत्यातच," मामा म्हणाले. "बाबूराव पेंटरांनी न् दामल्यांनी कॅमेरा हातानं घडवला. त्यांचे भाऊ आनंदराव तर त्या कॅमेऱ्याच्या नादातच अर्ध्यात गेले. कॅमेरा तयार, खिशात दमडी न्हाई. शेवटी पैसे दिले तानीबाई कागलकरांनी. गाणारी बाई. म्हंजे महाराष्ट्र फिल्म कंपनी गाण्याची जाहिरात झाली काय?"

"तानीबाईंना कातडी विकायची नव्हती."

"कुणास ठाऊक काय पाहिजे असतंय देणाऱ्याला. आपण आपलं काम काढून घ्यायचं."

मामांचं सगळं तत्त्वज्ञान या वाक्यात आहे. धाकटीनं गेल्या आठवड्यात त्यांना डिक प्रोएनेकेची फिल्म दाखवली होती. तो १९६८ साली अलास्कात ट्विन लेक्सच्या काठी एकटा गेला, ओंडके तासून खोली बांधली, दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या केल्या आणि हे सगळं स्वतःच कॅमेरा तिवईवर लावून टिपलं. मामांनी त्या बिजागऱ्या तीन वेळा मागं नेऊन बघितल्या. धाकटीच्या डोक्यात मात्र वेगळंच बसलं होतं. एका दृश्यात तो पाठमोरा चालत दूर जातो, ठिपका होतो. किती एकटा, असं बघणाऱ्याला वाटतं. पण तेवढंच चालत परत येऊन त्याला कॅमेरा उचलावा लागला असणार, आणि ते परत येणं फिल्ममध्ये नाही. ते नाही म्हणूनच ती साहसाची फिल्म होते, असं धाकटी म्हणते. यात तिचं बरोबर आहे असं मला वाटतं. पण ठिपका होत जाणारा माणूस बघताना माझ्या पोटात जे झालं तेही खोटं नव्हतं.

मग तिनं कुनुकची गोष्ट सांगितली, आणि ती तिनं मामांकडं बघूनच सांगितली.

कुनुक १९५७ चा. लहानपण जमिनीवर, म्हणजे गावात नव्हे, शिकारीच्या मुक्कामांवर गेलं. नऊ वर्षांचा असताना शाळेसाठी इग्लूलिकला आणला. तिथं समाजमंदिरात सोळा एमएमचे सिनेमे दाखवायचे. तिकीट पाव डॉलर. घरात पैसे नाहीत, म्हणून पोरगं मऊ दगडाची लहान लहान चित्रं कोरून विकायला लागलं. त्या पैशात जॉन वेन बघायचं. घोडदळ इंडियनांवर चालून आलं की सगळी इनुइट पोरं घोडदळाच्या बाजूनं ओरडायची.

"आम्ही पण! टारझन बघताना आम्ही टारझनच्या बाजूनं," मामा म्हणाले. "काळी माणसं पडली की शिट्ट्या."

"१९८१ ला त्यानं माँट्रियलला जाऊन आपली दगडी कोरीव कामं विकली आणि व्हिडिओ कॅमेरा घेऊन घरी आला. तेव्हा गावात टीव्ही नव्हता. नव्हता म्हणजे, येणार होता, गावानं मतदान करून दोनदा नको म्हटलं. कारण त्यावर इनुक्टिटुट भाषेत एक शब्द नव्हता. १९९० ला ह्यानं तिघांबरोबर कंपनी काढली, इसुमा. इसुमा म्हणजे विचार."

"दगड कोरून कॅमेरा घेतला." मामांनी ते वाक्य दोनदा म्हटलं. आनंदराव-बाबूराव नाटकांचे पडदे रंगवून जे जमायचं ते कॅमेऱ्याच्या खटपटीत घालायचे, हे आम्हाला त्यांनी हजारदा सांगितलेलं आहे. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून जाताना मामा एकदा हात कपाळाला लावतात, अंबाबाईच्या देवळाकडं लावतात तसा.

*

'अतानार्जुआत' चालू झाला आणि पहिला तासभर मामांची तक्रार चालू राहिली. सगळ्यांचे कपडे एकसारखे. कोण कुणाचा भाऊ ते कळंना. "टायटलला फोटो लावायला पायजे होते." दिव्यासमोर बसून बायका मांस कापतात, पोरं खेळतात, कुणी समजावून सांगत नाही की बघा, हे असं जगतात. धाकटीला हेच तर हवं होतं. घरातल्या माणसाला घर समजावून सांगायची गरज नसते, आणि पाहुण्यानं थोडं चाचपडलं तर बिघडलं कुठं?

मग तो प्रसंग आला. तंबूवर हल्ला होतो, अतानार्जुआत उघडानागडा बाहेर पडतो आणि समुद्राच्या बर्फावरनं पळत सुटतो. मागं तिघं भालेवाले. पाणी साचलेलं, बर्फाला भेगा, आणि माणूस पळतोय, पळतोयच. नातार उंगालाक नावाच्या नटानं ते केलंय. मामा एक शब्द बोलले नाहीत. खासबागेत निकाली कुस्ती लागल्यावर बसतात तसे पुढं झुकून बसले.

"माझ्या तळपायाला गार लागलं," संपल्यावर म्हणाले. मग लगेच, "पण हेबी नाटकच की. जुनी दंतकथा, पाठ केलेले डायलॉग. फ्लॅहर्टीनं केलं तेच केलं. फरक काय?"

"शेवटची नावं बघा."

नावांबरोबर पडद्यामागची दृश्यं येतात. तोच नागडा माणूस पळतोय, आणि त्याच्या पुढं स्लेजवर कॅमेरा, ती ओढणारी माणसं, कानाला हेडफोन लावलेला एकजण. खलनायक आता साध्या जॅकेटात उभा. इग्लूची कापलेली बाजू ह्यांनी शेवटी स्वतःच दाखवून टाकली.

"ह्याला म्हणतात मांडी ठोकून खेळणं," मामांनी मान्य केलं. "पण लई लांबवलंय."

त्या सिनेमाला कानमध्ये पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा दोर मिळाला. धाकटीनं ते सांगितलं तेव्हा मामांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना पारितोषिकाचं एकच उदाहरण माहीत आहे: १९२० साली पुण्यात 'सैरंध्री' बघून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. बाकी सगळी ढाल-सर्टिफिकिटं.

टिळकांचं नाव निघाल्यावर मी पुन्हा तोंड घातलं. कारण हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. कोल्हापूरच्या सिनेमाला पदवी देणाऱ्या याच माणसानं १९०३ साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' लिहून आपले पूर्वज उत्तर ध्रुवाकडचे ठरवले होते. तुरुंगात असताना मॅक्समुल्लरनं पाठवलेला ऋग्वेद रात्री दिव्याशी बसून वाचला, त्यातल्या दिवसेंदिवस चालणाऱ्या उषा, सहा महिन्यांची रात्र, यांचे धागे जुळवले आणि येरवड्या-पुण्यात बसून ध्रुव गाठला. एक पाऊल तिकडं टाकलं नाही. आज स्वालबार्डला आपलं हिमाद्री केंद्र आहे, त्याचा कारभार वास्कोतून चालतो, माणसं जाऊन येतात. पण मराठी घरात उत्तर ध्रुव म्हटलं की अजून टिळकच आठवतात.

"हर्झॉगनं पण तेच केलंय," धाकटी म्हणाली. "'हॅपी पीपल' आठवते ना, मामा? सैबेरियातल्या बाख्तियाचे शिकारी, लाकडाची पाचर मारून फळी फोडतात आणि घरी स्की करतात?"

"एक नंबर कारागीर!"

"ते वर्षभर राहून टिपलं दिमित्री वास्युकोवनं. हर्झॉगनं ते अमेरिकेत बघितलं, कापून दीड तासाचं केलं, वर आपला आवाज घातला. तो बाख्तियाला गेलाच नाही. आणि जगात फिल्म कुणाची? हर्झॉगची."

"पण त्यानं कापली म्हणून तू बघितलीस. न्हाईतर तुला बाख्त्या कुठनं कळणार होतं?"

यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं. कोल्हापुरी माणसाकडं उत्तर नसलं की तो विषय बदलत नाही, आवाज बदलतो. धाकटीचा आवाज खाली आला.

"मी तीनदा चादरवर गेलो, मामा." (कोल्हापूरच्या पोरी स्वतःला 'गेलो-आलो' म्हणतात, परगावच्या वाचकानं दचकू नये.) "जानेवारीत झंस्कार नदी गोठते तिला चादर म्हणतात. आमच्या ग्रुपच्या अंगावर भारी जॅकेटं, पायात लेहच्या बाजारातले गमबूट, काठीला फोन. आणि शेजारनं एक बाप पोरीला लेहच्या शाळेत सोडायला त्याच बर्फावरनं चाललाय, पाठीवर तिची पत्र्याची ट्रंक. थंडीत त्यांचा रस्ताच तो होता. पुढं चालणारा काठीनं बर्फ ठोकून आवाज ऐकत जातो. आपण मडकं घेताना टिचकी मारून बघतो ना, तसं. मी त्याला कॅमेऱ्यासमोर विचारलो, भीती वाटते काय? तो म्हणाला, इथं उभं राहू नका, पुढं चला. बास. माझ्या व्हिडिओचं नाव मी काय ठेवलो होतो? 'मृत्यूच्या नदीवर सात दिवस'."

"बरं चाललं असंल," मामा म्हणाले.

"लई चाललं. आता तिकडं निम्मू-पदुम-दारचा रस्ता जोडलाय. चादरची गरज गावातल्यांना हळूहळू उरणार नाही. फक्त आमचं साहस उरणार."

तिनं मग स्टान्झिन दोरजेचं नाव काढलं. लडाखच्या ग्या गावचा. त्यानं आपल्या बहिणीवर फिल्म केली, 'शेफर्डेस ऑफ द ग्लेशियर्स', क्रिस्तियान मोर्दले या फ्रेंच बाईबरोबर. बहीण एकटी शेळ्या-मेंढ्यांचा कळप घेऊन वरच्या कुरणांत वर्ष काढते. सोबतीला रेडिओ. कॅमेरा भावाचा आहे म्हणून ती त्याच्याकडं पाहुण्यासारखी बघत नाही, बोलता बोलता हातातलं काम करत राहते.

"धनगरीणच की!" मामा म्हणाले. "आपल्याकडं कागल-निपाणीकडनं मेंढरं येत्यात, शेतात बसवत्यात खताला, रात्रभर एक माणूस घोंगडं पांघरून कडेला बसलेला असतो. पट्टणकोडोलीच्या यात्रेला सगळं जग भंडाऱ्याचा फोटो काढायला येतंय. ह्या बसलेल्या माणसाचा एक फोटो दाखव मला."

"तेच तर मी म्हणालो! कॅमेरा आपल्याकडं असून..."

"माझं ऐक. तू म्हणतीस, तिथल्या माणसानंच काढावं. बरं. मग काढत का न्हाई?"

*

मला वाटलं इथं भांडण मिटलं. ते इथून पेटलं.

"२०१९ आठवा," धाकटी म्हणाली. "पाणी ५५ फुटांच्या वर. हायवे बंद, कोल्हापूर बेट झालेलं. वरनं ड्रोन फिरालेत आणि टीव्हीवर खाली पट्टी, 'महापुराचा थरार'. आपण नानूक झालो होतो, मामा. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं चादरवरच्या त्या बापाला कसं वाटलं असेल."

इतका वेळ आत असलेल्या मामी दारात आल्या. मामींचं माहेर प्रयाग चिखली. त्यांचा भाऊ म्हशी सोडून येणार नाही म्हणून दोन दिवस माळ्यावर बसून होता.

"त्याला बोटीतनं काढला ना," मामी पदराला हात पुसत म्हणाल्या, "तवा दुसऱ्या बोटीत कॅमेरा घेऊन एकजण हुता. म्हणाला, काका, पुन्यांदा हात हलवा, शॉट चुकला. ह्यानं हलवला. अजून सांगतोय सगळ्यास्नी, मी काय म्हणून हलवला म्हणून."

कुणी बोललं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मामी आत गेल्या.

"हे. हेच म्हणायचंय मला," धाकटी म्हणाली.

"आणि तू काय काढलंस?" मामांनी विचारलं. "तुझ्याकडं तर दोन कॅमेरे हुते."

"मी पोती उचलत होतो. शाळेत चपात्या वाटत होतो. त्या वेळेला कॅमेरा काढायची लाज वाटली."

"आणि पेठेतल्या पोरांनी काढलं ते गेलं स्टेटसला. चोवीस तासांत पुसलं. राहिलं काय? त्या ड्रोनवाल्याचं." मामा आता खरे तापले होते. "फ्लॅहर्टीनं १९२० च्या आधी एकदा काढली होती फिल्म. तूच सांगितलंस. तीस हजार फूट निगेटिव्ह, सिगारेट पडून सगळी जळली. परत गेला, परत काढली. ती राहिली. आमची 'सैरंध्री' कुठाय? शांतारामबापू शेतकरी झाले तो मुका 'सावकारी पाश' कुठाय? १९४८ ला जयप्रभा स्टुडिओ जळला. परवा २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आख्खं कोल्हापूर रस्त्यावर उभं राहून बघत होतं. आपल्याकडं खरी माणसं हायत, खरे कारागीर हायत, राहिलेलं कायबी न्हाई. तो परका असू दे, खोटा असू दे. त्या अल्लाचं तोंड शंभर वर्षांनी माझ्या माजघरात हसालंय ते त्याच्यामुळं."

"अल्लाकारियालाक."

"तेच."

"तो फिल्म आल्यावर दोनेक वर्षांत वारला. फ्लॅहर्टी सांगायचा, हरणाच्या मागं गेला आणि उपाशी मेला. मेला तो बहुतेक आपल्या मुक्कामावर, क्षयानं. पण लोकांना साहसाचा शेवट साहसाचाच लागतो."

मामांनी यावर मान हलवली. ती कुठल्या बाजूनं हलवली ते मला अंधारात कळलं नाही. कारण तेवढ्यात लाईट गेली होती. प्रोजेक्टरचा पंखा थांबला, आणि चादर नुसती चादर झाली.

मला विचाराल तर दोघंही एकमेकांचीच बाजू लढवत होते. जिला परक्याचा कॅमेरा नको, तिनं आपला उचलला नव्हता. ज्याला परका चालत होता, त्याच्या पोटात ती बॅनरच्या कोपऱ्यातली सही चाळीस वर्षं टोचत होती. पण हे मी तिथं बोललो नाही. मला एकदा गप्प बसवलेलं होतं.

"मग आज काढतो," धाकटी उठली. "तुमचंच काढतो. डोळा काढा."

"माझं काय काढतीस? मी काय बर्फात ऱ्हातोय?"

पण मामा उठले. फळीवरचा डबा खाली घेतला. रॉकेल कधीच उडून गेलेलं, ब्रश दगडासारखे. त्यातल्या त्यात एक जाड ब्रश मामींच्या भाकरीच्या तव्यावर ठोकून मऊ केला. रंग म्हणून गेरू आणि दिव्याची काजळी. कापड नव्हतं. परसातल्या लाकडांवर पाऊस येऊ नये म्हणून मामींनी जुना फ्लेक्स टाकलेला असतो, कुणाच्या तरी वाढदिवसाचा. तो मामांनी स्वतः ओढून आणला, बघितल्यासारखं न करता उलटा केला आणि पांढऱ्या पाठीवरचं पाणी लुंगीनं पुसलं.

"अंधार आहे," धाकटी फोन धरून म्हणाली. "काही दिसंना."

"दार काढा," मामा म्हणाले.

"काय?"

"दार. बिजागरीचा खिळा वर ठोकला की निघतंय. दोघं धरा. एक फळी काढली की बास, उजेड येतोय सरळ भिंतीवर."

जुन्या वाड्याचं सागवानी दार. मी आणि धाकटीनं ते उचलून भिंतीला टेकवलं. बाहेरचा करडा उजेड आत आला आणि त्याच्याबरोबर पावसाचे तुषार. मामींनी आतनं ओरडून विचारलं, जमीन कोण पुसणार. मामा तोवर गुडघ्यावर बसून पापणीची पहिली रेघ ओढत होते, सावकाश, खांद्यापासून हात फिरवत. मध्येच उठले, उंबऱ्यापर्यंत मागं आले, डोळे बारीक करून बघितलं, परत गेले. पंचाहत्तरीच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. बुबुळ भरत आलं तसं त्यांनी जरा थांबून कॅमेऱ्याकडं बघितलं.

धाकटीनं फोन खाली केला.

"मामा," ती म्हणाली, "पुन्हा एकदा करा की. शॉट चुकला."